छातीचा पिंजरा आणि जंगलाची वाट : चंद्रपूर-गडचिरोलीतून दिसणारा एका दुखापतीचा इतिहास

१/
बरगडी मोडली म्हणून कोणी मरत नाही, हा समज जुना आहे आणि बराचसा खराही आहे. तरीही छाती चिरडलेली माणसे शतकानुशतके मरत आली, आणि त्यांतली कित्येक अपघाताच्या जागी गेली नाहीत. ती तिसऱ्या, पाचव्या, सातव्या दिवशी गेली. अंथरुणावर, वरची जखम भरत आलेली दिसत असताना. हा मृत्यू कोठून येतो हे कळायला वैद्यकाला साडेतीन हजार वर्षे लागली. कळल्यानंतर ते ज्ञान चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलापर्यंत पोहोचणे हा निराळाच प्रवास होता. या दोन्ही प्रवासांविषयी हा थ्रेड.

२/
आधी भूगोल. आजचे हे दोन जिल्हे २६ ऑगस्ट १९८२ पर्यंत एकच होते. इंग्रजी अमदानीतल्या कागदपत्रांतला ‘चांदा’ जिल्हा तो हाच. पश्चिमेला वर्धा नदीच्या खोऱ्यात दगडी कोळसा. पूर्वेला वैनगंगेपलीकडे साग, बांबू, मोह आणि तेंदूचे अरण्य, थेट इंद्रावतीच्या काठापर्यंत. गडचिरोली जिल्ह्याचा दोन तृतीयांशाहून अधिक भाग आजही वनाखाली आहे. रेल्वेने या जिल्ह्याच्या उत्तर टोकाला, वडशाजवळ, जेमतेम स्पर्श केला. माणसाच्या छातीवर काय कोसळेल आणि मदत किती तासांत येईल, या दोन्ही गोष्टी येथे भूगोलाने ठरवल्या.

३/
या मुलखात छाती मोडण्याची कारणेही मुलखासारखीच. खाणीत डोक्यावरचे छत खाली येते. जंगलाच्या कूपात तोडलेला सागवानी ओंडका घसरतो. ताडी किंवा गोरगा काढायला चढलेला माणूस झाडावरून पडतो. उन्हाळ्याच्या तोंडावर पहाटे मोहफुले वेचायला गेलेल्यांची अस्वलाशी गाठ पडते. रानगव्याचे शिंग, रानडुकराचा सुळा; आणि २०२१ च्या ऑक्टोबरात छत्तीसगडच्या बाजूने गडचिरोलीत शिरलेल्या रानहत्तींच्या कळपानंतर हत्तीचा पायही. त्यात भूसुरुंगांची भर पडली आणि आता भरधाव दुचाकींची व खनिज वाहणाऱ्या ट्रकांची.

४/
दुखापत समजण्यासाठी लोहाराचा भाता डोळ्यांसमोर आणावा. भात्याच्या फळ्या ताठ असतात म्हणूनच तो उघडला की हवा आत ओढली जाते. माणसाच्या छातीत बरगड्यांच्या बारा जोड्या त्या फळ्यांचे काम करतात. श्वासपटल खाली सरकते, बरगड्या वर-बाहेर उचलल्या जातात, आतला दाब बाहेरच्या हवेपेक्षा कमी होतो आणि फुप्फुस फुलते. फुप्फुसाला स्वतःचा स्नायू नाही. ते पिंजऱ्याच्या हालचालीवर जगते. म्हणून पिंजऱ्याला झालेली इजा ही केवळ हाडाची इजा राहत नाही.

५/
एकच बरगडी मोडली तर शेजारच्या बरगड्या तिला सावरून धरतात. पण सलग तीन किंवा अधिक बरगड्या प्रत्येकी दोन ठिकाणी मोडल्या, तर छातीच्या भिंतीचा एक तुकडा उरलेल्या पिंजऱ्यापासून सुटतो. वैद्यक याला ‘फ्लेल चेस्ट’ म्हणते. छाती फुलताना हा तुकडा आत खेचला जातो आणि श्वास सोडताना बाहेर येतो. बाकीच्या छातीच्या नेमका उलट. पाहणाऱ्याला ही उलटी हालचाल इतकी भयंकर वाटते, की हाच तुकडा रुग्णाला मारतो, अशी वैद्यांची अनेक पिढ्या खात्री होती. या खात्रीचा इतिहास म्हणजेच या दुखापतीचा इतिहास.

६/
सर्वांत जुनी नोंद इजिप्तची. एडविन स्मिथ यांनी १८६२ मध्ये लक्सरला विकत घेतलेला पपायरस सुमारे ३,६०० वर्षांपूर्वीचा आहे. त्यात जखमांची ४८ प्रकरणे असून प्रत्येकापाशी वैद्याचा निवाडा आहे : बरा करीन, झुंज देईन, किंवा उपचार करू नये. छातीच्या बरगड्या मुरगळल्या वा निखळल्या असतील, तर उपचार करावा. बरगड्या मोडून वर उघडी जखमही असेल, तर हात लावू नये. त्या वैद्याला कारण माहीत नव्हते, पण परिणाम त्याने अचूक हेरला होता : पिंजरा फुटून आतबाहेरची हवा एक झाली, की माणूस वाचत नाही.

७/
आपल्याकडे सुश्रुतसंहितेच्या चिकित्सास्थानात भग्नचिकित्सेचा स्वतंत्र अध्याय आहे. मोडलेल्या बरगडीसाठी तेथे सांगितलेली पद्धत अशी : रुग्णाला उभे करावे, तूप चोळावे, मोडलेली बाजू हाताने हलके सारखी करावी, वर घडी ठेवून पट्ट गुंडाळावा आणि नंतर तेलाने भरलेल्या कढईत वा द्रोणीत त्याला निजवावे. हात-पाय मोडल्यावर जे करायचे त्याचेच हे छातीवर बसवलेले रूप. मोडलेले हाड हलू देऊ नये हा नियम हातापायाला लागू पडतो, मग छातीला का लागू पडणार नाही? प्रश्न स्वाभाविक होता. उत्तर चुकीचे निघायला विसावे शतक उजाडावे लागले.

८/
गावचा हाडवैद्य बांबूच्या कामट्या लावून हात-पाय जोडतो आणि छातीलाही आवळून फडके बांधतो, याला अडाणीपणा म्हणून हसण्याचे कारण नाही. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत युरोप-अमेरिकेतली रुग्णालये हेच करत. छातीच्या मोडलेल्या बाजूवर रुंद चिकटपट्ट्यांचे थर चढवत, वाळूच्या पिशव्या टेकवत. सेंट जॉन ॲम्ब्युलन्सच्या प्रथमोपचारातही अनेक दशके छातीभोवती रुंद पट्ट्या बांधायला शिकवत, आणि भारतातल्या खाणींत प्रथमोपचाराचे प्रशिक्षण याच संस्थेच्या पद्धतीने होई. मोठे रुग्णालय, खाणीतला मदतनीस आणि जंगलातला हाडवैद्य तिघेही एकच गोष्ट करत होते.

९/
आता खाणींकडे. वरोऱ्याजवळ सरकारी कोळसाखाण सुरू झाली ती १८७० च्या दशकात; तिच्यासाठीच वर्ध्याहून वरोऱ्यापर्यंत लोहमार्ग आला. १९०६ मध्ये ती बंद झाली, तोवर बल्लारपूरला नवी खाण उभी राहत होती. पुढे घुग्घुस, माजरी, राजुरा असा कोळशाचा पट्टा वाढत गेला. १९७३ मध्ये कोळसा उद्योगाचे राष्ट्रीयीकरण झाले आणि १९७५ मध्ये वेस्टर्न कोलफील्ड्स ही कंपनी स्थापन झाली. चांद्याच्या शेतकऱ्याला आणि मजुराला जमिनीखालच्या छताची ओळख अशी झाली.

१०/
भूमिगत खाणीत कोळशाचे खांब मागे ठेवून मधला कोळसा काढत जातात. छताला लाकडी टेकू दिलेले असत. खांब कमकुवत झाला, टेकू सरकला किंवा छताच्या खडकात अदृश्य भेग असली, की शिळा निखळते. भारतातल्या भूमिगत कोळसाखाणींच्या इतिहासात छत कोसळणे हे मृत्यूच्या प्रमुख कारणांपैकी एक राहिले. वाकून काम करणाऱ्याच्या पाठीवर व छातीवर शिळा पडते. पिंजरा दोन्ही बाजूंनी दाबला जातो. १९०१ चा आणि नंतर १९५२ चा खाण कायदा, लाकडी टेकूंच्या जागी छतात बसवलेले पोलादी बोल्ट, आणि उघड्या खाणींचा प्रसार यांनी हा धोका घटवला. छातीच्या दुखापतीचे निष्कर्ष पहिल्यांदा बदलले ते असे, रुग्णालयाच्या बाहेर.

११/
रुग्णालयातला बदल युद्धाने आणला. दुसऱ्या महायुद्धात इटलीच्या आघाडीवर काम करणाऱ्या अमेरिकी शल्यचिकित्सकांना दिसले, की छाती फुटलेले सैनिक रक्तस्राव थांबवल्यावरही काही दिवसांनी जणू आतून बुडतात. फुप्फुसात पाणी आणि कफ साठतो. बर्फर्ड आणि बरबँक यांनी १९४५ मध्ये याला ‘ओले फुप्फुस’ म्हटले. साखळी त्यांनी उलगडली : वेदनेमुळे माणूस खोल श्वास घेत नाही, खोकत नाही, कफ साठतो, साठलेल्या कफामागचा फुप्फुसाचा भाग मिटतो, मिटलेल्या भागात जंतू वाढतात.

१२/
ही साखळी कळताच घट्ट पट्टीचा अर्थ उलटा झाला. पट्टीने दुखणे थोडे कमी होते हे खरे, पण ती छातीची निरोगी बाजूही जखडते. ज्याला खोल श्वास घ्यायलाच हवा, त्याचा श्वास ती आखूड करते. इटलीतल्या तंबूत डॉक्टरांनी दुसरी वाट धरली : बरगड्यांमधल्या मज्जातंतूंपाशी बधिर करणारे इंजेक्शन द्यायचे, रुग्णाला बसवायचे, खोकायला लावायचे, न जमल्यास नळीने कफ ओढून काढायचा. हाड तसेच मोडलेले राहिले आणि माणूस वाचू लागला.

१३/
यानंतरचा टप्पा पोलिओच्या साथीतून आला. १९५२ च्या उन्हाळ्यात कोपनहेगनच्या ब्लेगडॅम रुग्णालयात श्वसनाचे स्नायू लुळे पडलेले रुग्ण रांगेने मरत होते. ब्यॉर्न इब्सेन या भूलतज्ज्ञाने शस्त्रक्रियागृहातली युक्ती वॉर्डात आणली : गळ्यातून श्वासनलिकेत नळी घालायची आणि रबरी पिशवी हाताने दाबून हवा आत ढकलायची. सुमारे १,५०० विद्यार्थी पाळ्या लावून महिनोन्‌महिने त्या पिशव्या दाबत राहिले. मृत्यूचे प्रमाण निम्म्याहून खाली आले. आधुनिक अतिदक्षता विभागाचा जन्म येथे मानला जातो.

१४/
डेन्मार्कहून अमेरिकेत गेलेले भूलतज्ज्ञ अर्न्स्ट मॉर्च यांनी शिकागोत अ‍ॅव्हरी आणि बेन्सन यांच्यासह हीच कल्पना चिरडलेल्या छातीला लावली. १९५६ चा त्यांचा लेख या विषयातला मैलाचा दगड आहे. सुटलेला तुकडा बाहेरून बांधण्याऐवजी यंत्राने आतून हवेचा दाब देऊन तो सावरायचा. हवा हीच आतली खपची. ज्यांना पूर्वी हात लावू नये म्हटले जाई, असे रुग्ण जगू लागले. पुढची जवळपास वीस वर्षे फ्लेल चेस्ट दिसली की नळी घालून यंत्राला जोडायचे, अगदी दोन-तीन आठवडे, हा नियमच झाला.

१५/
त्या नियमाची किंमत हळूहळू दिसू लागली. श्वासनलिकेतली नळी जंतूंना थेट फुप्फुसाची वाट देते. यंत्रावर आठवडे काढलेल्या रुग्णांना न्यूमोनिया गाठू लागला. १९७५ मध्ये टेक्सासच्या सॅन अँटोनियोत ट्रिंकल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तुलना मांडली. एका गटाला नेहमीप्रमाणे यंत्र. दुसऱ्या गटाला वेदनाशमन, कफ काढणे, शिरेतून द्यायच्या द्रवांवर काटेकोर मर्यादा आणि शक्यतो यंत्र नाही. दुसऱ्या गटात मृत्यू, गुंतागुंत आणि रुग्णालयातले दिवस, तिन्ही कमी निघाले.

१६/
ट्रिंकल यांचे म्हणणे साधे होते. डोळ्यांना दिसणारा हलता तुकडा हा खरा शत्रू नाही; त्यामागचे ठेचलेले, रक्ताळलेले फुप्फुस हा शत्रू आहे. ज्याच्या रक्तात प्राणवायू कमी पडतो त्यालाच यंत्र द्यावे, केवळ छाती हलते म्हणून देऊ नये. पपायरसपासून चालत आलेली नजर येथे बदलली. निष्कर्ष ठरवतात तीन गोष्टी : फुप्फुस किती ठेचले, वेदना किती आटोक्यात आली, आणि न्यूमोनिया झाला की टळला. या तिन्हींपैकी शेवटच्या दोन माणसाच्या हातात असतात.

१७/
नेमक्या याच वर्षांत इकडे भामरागड तालुक्यात काय होते? २३ डिसेंबर १९७३ रोजी बाबा आमटे यांनी हेमलकसा येथे लोकबिरादरी प्रकल्प सुरू केला. डॉ. प्रकाश आमटे शस्त्रक्रियेचे पदव्युत्तर शिक्षण सोडून तेथे आले. वीज नव्हती, आणि ती पुढे कितीतरी वर्षे आली नाही. पावसाळ्यात पर्लकोटा नदी फुगली की भामरागडचा जगाशी संबंध तुटे. माडिया वस्त्यांतून रुग्ण येई तो बहुधा खाटेवर किंवा कावडीत, नातेवाइकांच्या खांद्यावरून, एक-दोन दिवस चालून. सॅन अँटोनियोत यंत्राची गरज आहे का यावर चर्चा चालली होती. येथे यंत्राचा प्रश्नच उद्भवत नव्हता.

१८/
डॉ. मंदाकिनी आमटे भूलतज्ज्ञ होत्या, हा तपशील या इतिहासात महत्त्वाचा आहे. इब्सेन भूलतज्ज्ञ, मॉर्च भूलतज्ज्ञ. छातीच्या दुखापतीतली निर्णायक पावले श्वास आणि वेदना यांचा अभ्यास असलेल्यांनी टाकली. हेमलकशाच्या दवाखान्यात अस्वलाने फाडलेले रुग्ण कंदिलाच्या उजेडात तासन्‌तास टाके घालून वाचवले गेले, हे आता महाराष्ट्राला ठाऊक आहे. अस्वल बहुधा चेहरा आणि डोके धरते. पण त्याच्या लांब नख्या छातीतही खोल जातात, आणि नखीचे छिद्र फुप्फुसापर्यंत गेले तर बाहेरून ते लहानसेच दिसते. २००८ चा मॅगसेसे पुरस्कार प्रकाश आणि मंदाकिनी आमटे या दोघांना मिळाला, तेव्हा जगाने पाहिली ती ही वैद्यकी.

१९/
विजेविना छातीवर काय करता येते? एक गोष्ट नक्की करता येते, आणि ती फार मोठी आहे. मोडलेल्या बरगडीचे टोक फुप्फुसाला भोसकते तेव्हा छातीच्या पोकळीत हवा किंवा रक्त साठून फुप्फुस दबते. हॅम्बुर्गचे गोटहार्ड ब्यूलाउ यांनी १८७५ च्या सुमारास छातीतला पू काढण्यासाठी एक युक्ती वापरली : छातीत नळी घालायची आणि तिचे दुसरे टोक खाटेखालच्या बाटलीत पाण्याखाली बुडवायचे. श्वास सोडताना हवा बुडबुड्यांनी बाहेर पडते. श्वास घेताना पाणी तिला परत येऊ देत नाही.

२०/
नळी, बाटली आणि वीतभर पाणी. कोरिया आणि व्हिएतनामच्या युद्धांत छातीच्या जखमांवर ही पद्धत सर्रास रूढ झाली आणि आजही जगभरच्या रुग्णालयांत खाटेखाली तीच बाटली असते. छातीला मार लागलेल्या बहुसंख्य रुग्णांना छाती उघडण्याची शस्त्रक्रिया लागत नाही; ही नळी, प्राणवायू आणि वेदनाशमन पुरते. म्हणजे जीव वाचवणारा निर्णय बहुतेकदा ग्रामीण रुग्णालयाच्या आवाक्यातला असतो. अट एकच : तेथे तो निर्णय घेणारा हात हवा, आणि रुग्ण तेथवर वेळेत यायला हवा.

२१/
न्यूमोनियाविरुद्धची गडचिरोलीची लढाई तर जगाच्या वैद्यकीय वाङ्मयात नोंदलेली आहे, मात्र ती लहान मुलांसाठी लढली गेली. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी १९८६ मध्ये ‘सर्च’ ही संस्था स्थापन केली. न्यूमोनिया ओळखण्याची पहिली खूण म्हणजे वेगाने चालणारा श्वास. पण गावातल्या दाईला पन्नास-साठपर्यंत मोजता येत नसे. ‘सर्च’ने त्यावर श्वासमापक बनवला : एक मिनिटाचे वाळूचे घड्याळ आणि मणी. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. वाळू संपेपर्यंत ठरावीक मणी सरकले, तर न्यूमोनिया.

२२/
१९९० मध्ये ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात त्या प्रयोगाचे निष्कर्ष आले. गावपातळीवरच्या आरोग्यसेवकांनी आणि दायांनी उपचार केलेल्या ६१२ न्यूमोनियाग्रस्त मुलांत मृत्यूचे प्रमाण ०.८ टक्के होते; तुलनेसाठी घेतलेल्या गावांत ते १३.५ टक्के होते. बरगड्या मोडलेल्या प्रौढाचा हा प्रयोग नव्हे. पण त्यातला धडा दोघांना सामाईक आहे : फुप्फुस हरू लागते तेव्हा सर्वांत आधी श्वासाची संख्या बदलते, आणि ती मोजायला क्ष-किरण यंत्र लागत नाही. प्रौढ माणूस विश्रांतीत मिनिटाला साधारण १२ ते २० श्वास घेतो. छातीला मार लागलेल्याचे श्वास तीसच्या घरात गेले, तर एकही तास दवडण्यासारखा नसतो.

२३/
तासांचे हे गणित बाल्टिमोरच्या आर. ऍडम्स काउली यांनी ‘गोल्डन अवर’ म्हणून जगभर रुजवले. गडचिरोलीत ते प्रथम पोलिसांच्या बाबतीत प्रत्यक्षात आले. १९९० मध्ये सी-६० हे पथक उभे राहिले. ८ ऑक्टोबर २००९ रोजी लाहेरीजवळ १७ पोलीस शहीद झाले. १ मे २०१९ रोजी जांभुळखेड्याच्या भूसुरुंग स्फोटात १५ पोलीस आणि वाहनचालक गेले. स्फोटाची लाट हाड न मोडताही फुप्फुस फाडू शकते. चिलखती जाकीट गोळी अडवते, पण तिच्या धक्क्याने आतल्या बरगड्या मोडू शकतात.

२४/
१३ नोव्हेंबर २०२१ च्या मर्दिनटोला चकमकीनंतर चार जखमी पोलिसांना हेलिकॉप्टरने नागपूरला नेण्यात आले. जंगल आणि शल्यगृह यांतले अंतर त्या दिवशी तासांवर आले. सामान्य माणसासाठी हे अंतर कमी झाले ते वेगळ्या मार्गाने आणि सावकाश : जानेवारी २०१४ पासून राज्यात १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका, २०१५ मध्ये चंद्रपूरला शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आणि २०२४ मध्ये गडचिरोलीलाही मान्यता. त्याआधी गंभीर रुग्णासाठी वाट असे ती सेवाग्रामची किंवा नागपूरच्या मेडिकलची. गडचिरोलीपासून नागपूर दीडशे किलोमीटरहून अधिक. भामरागडपासून त्याच्या दुपटीहून जास्त.

२५/
आज निष्कर्ष काय आहेत? वय हा मोठा घटक. सिएटलच्या एका अभ्यासात (२०००) बरगड्या मोडलेल्या ६५ वर्षांवरील रुग्णांपैकी २२ टक्के दगावले, तरुणांपैकी १० टक्के. वृद्धांत प्रत्येक जादा मोडलेल्या बरगडीमागे मृत्यूची शक्यता १९ टक्क्यांनी आणि न्यूमोनियाची २७ टक्क्यांनी वाढत होती. म्हणून झाडावरून पडलेला पंचविशीचा तरुण आणि बैलाने ढकललेली सत्तरीची आजी यांच्या क्ष-किरण चित्रात सारख्याच चार बरगड्या मोडलेल्या दिसल्या, तरी धोका सारखा नसतो. आजीला घरी पाठवणे ही चूक ठरू शकते.

२६/
आणि मोडलेल्या बरगड्या धातूच्या पट्ट्यांनी जोडल्या तर? जपानच्या तानाका यांनी २००२ मध्ये ३७ रुग्णांवर केलेल्या चाचणीत पट्ट्या लावलेल्यांचे यंत्रावरचे दिवस आणि न्यूमोनिया कमी आढळला. २०२२ मध्ये कॅनडा-अमेरिकेतल्या २०७ रुग्णांच्या मोठ्या चाचणीत यंत्राविना काढलेल्या दिवसांत एकूण लक्षणीय फरक निघाला नाही. मात्र शस्त्रक्रियेच्या गटात कोणी दगावले नाही, दुसऱ्या गटात सुमारे ६ टक्के दगावले. म्हणजे हाड सावरण्याची जुनी कल्पना परतली आहे, पण निवडक रुग्णांपुरती. आता ती हाड जोडते आणि श्वास मोकळा ठेवते. जुनी पट्टी श्वासालाच आवळत होती.

२७/
जगणे हा एक निष्कर्ष. पुन्हा कामावर जाणे हा दुसरा. फ्लेल चेस्टमधून वाचलेल्यांचा पाठपुरावा करणाऱ्या अभ्यासांत छातीतले दुखणे, धाप आणि जुने काम न झेपणे हे वारंवार आढळते. कार्यालयात बसणाऱ्याला हे सोसता येते. कूपात ओंडके उचलणाऱ्याला, तेंदूपत्त्याच्या मोजक्या आठवड्यांवर वर्षाचा खर्च भागवणाऱ्याला, ताडावर चढणाऱ्याला धाप म्हणजे उत्पन्न बंद. ‘रुग्ण बरा होऊन घरी गेला’ या नोंदीनंतरचा हा इतिहास रुग्णालयाच्या कागदांत सहसा उतरत नाही.

२८/
साडेतीन हजार वर्षांचा हिशेब थोडक्यात असा. छाती आवळून बांधू नये. रुग्णाला बसते ठेवावे, वेदना पुरेशी शमवावी, छातीला उशी धरून खोकायला लावावे, खोल श्वास घ्यायला लावावा. श्वास मोजत राहावेत. उघड्या जखमेला, वाढत्या धापेला, निळसर ओठांना तत्काळ रुग्णालय. यांतली बहुतेक कामे महागड्या यंत्राविना होणारी आहेत. ती शोधायला मोठमोठी युद्धे आणि साथी लागल्या; ती करायला खाटेशेजारी जाणते माणूस आणि गावापासून दवाखान्यापर्यंत बारमाही रस्ता लागतो. चंद्रपूर-गडचिरोलीत पहिली गोष्ट अर्धशतकापूर्वीच येऊन पोहोचली. दुसरीचे काम अजून चालू आहे.

(थ्रेड समाप्त)